वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, मेन इव्हेंट : नोंदणीपासून चिप्सची पिशवी बांधण्यापर्यंत

हिशेबनीस (धागाकर्ता)

मे उजाडला की दर वर्षी 'वेगासला मेन इव्हेंट खेळायचाय, काय काय लागतं?' असे चार-पाच धागे निघतात. प्रत्येकात तीच उत्तरं अर्धवट येतात. म्हणून सगळं इथेच गोळा करू. पोकर जुगार की कौशल्य, यावर काथ्याकूट करायला दुसरे धागे आहेत, तो इथे नको.

आधी ढोबळ चित्र. वर्ल्ड सिरीज ही पोकर स्पर्धांची मालिका, आणि मेन इव्हेंट ही त्यातली मुख्य स्पर्धा. ही मालिका १९७० साली लास वेगासच्या जुन्या शहरातल्या बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत सुरू झाली, २००५ मध्ये वेगासमधल्याच रिओ कॅसिनोत गेली, आणि २०२२ पासून स्ट्रिप या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर हॉर्सशू आणि पॅरिस या एकमेकांना आतून जोडलेल्या दोन हॉटेलांत भरते. मेन इव्हेंटची एन्ट्री १९७२ पासून १०,००० डॉलर आहे, ती आजतागायत तेवढीच. मेन इव्हेंट जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन साधारण दोन आठवडे चालतो. त्याआधी महिनाभर बाकीच्या स्पर्धा.

आता पैशाचा हिशेब. २०२४ मध्ये १०,११२ जण बसले, तो आजवरचा मोठा आकडा आहे. बक्षिसांची रक्कम ९,४०,४१,६०० डॉलर होती. भागाकार करून पाहा, माणशी बरोबर ९,३०० येतात. म्हणजे तुमच्या १०,००० पैकी ७ टक्के आयोजकांचं शुल्क आणि डीलर-कर्मचाऱ्यांचा वाटा. पहिल्याला १ कोटी डॉलर, दुसऱ्याला ६० लाख, नवव्याला १० लाख, आणि बक्षिसात शेवटून बसणाऱ्याला १५,०००. बक्षीस मिळतं साधारण १५ टक्के लोकांना. उरलेले ८५ टक्के शून्य घेऊन परततात, आणि त्यात नावाजलेले खेळाडूही असतात. मेन इव्हेंटला पुन्हा एन्ट्री नाही. बाद झालात की त्या वर्षीचं संपलं.

रचना : ६०,००० चिप्स, दोन-दोन तासांच्या पातळ्या. ब्लाइंड म्हणजे दर डावाआधी दोघांनी पाळीपाळीनं सक्तीनं लावायच्या चिप्स, एक स्मॉल आणि एक बिग; पातळी बदलली की ते वाढतात. पहिली पातळी १००/२००, त्यावर २०० चा बिग ब्लाइंड अँटी (बिग ब्लाइंडवर असलेल्यानं सगळ्या टेबलासाठी टाकायची जादा रक्कम). म्हणजे सुरुवातीला ३०० बिग ब्लाइंड हाताशी असतात. नऊ जणांच्या टेबलावर एका फेरीचा खर्च ५०० चिप्स. तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे तीन फेऱ्या. पूर्ण दोन तासांत एकही डाव खेळला नाहीत तरी ३,००० चिप्स जातात, स्टॅकचे (तुमच्याजवळच्या एकूण चिप्सचे) फक्त ५ टक्के. हा आकडा डोक्यात ठेवा. पहिल्या दिवशी बाद होणारे बहुतेक ब्लाइंड वाढले म्हणून बाद होत नाहीत, घाई केली म्हणून होतात.

बाकीचं जाणकारांनी भरावं.

जोकर बाद

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. १अ, १ब, १क, १ड हे काय प्रकरण आहे आणि कोणता दिवस घ्यावा? आणि उशिरा नोंदणी करता येते म्हणतात, ती कितपत फायद्याची?

हिशेबनीस

इतके लोक एका दिवशी मावत नाहीत, म्हणून पहिला दिवस चार तारखांत विभागलेला. तुम्ही त्यातला एकच खेळायचा. शेवटच्या ड ला सर्वांत जास्त गर्दी होते : नोंदणीची रांग, जेवणाची रांग, मुतारीची रांग. आधीच्या तारखेला बसलात तर दुसऱ्या दिवसाच्या खेळाआधी विश्रांती मिळते. भारतातून जाणाऱ्यांसाठी ती विश्रांती फार मोलाची. वेगास जुलैत आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. खेळ दुपारी १२ ला सुरू होतो, तेव्हा तुमच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचा साडेबारा वाजलेला असतो, आणि पुढे बारा तास डोकं चालवायचं असतं. किमान चार दिवस आधी पोचा.

उशिरा नोंदणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या दोन पातळ्या होईपर्यंत चालू असते. दुसरा दिवस ४००/८०० ने सुरू होतो, म्हणजे त्याच ६०,००० चे ७५ बिग ब्लाइंड. अगदी दार बंद होताना शिरलात तर साधारण ५०. जे इतर स्पर्धा खेळण्यात गुंतलेत त्या व्यावसायिकांना ते परवडतं. वर्षातून एकदा येणाऱ्यानं तसं करण्यात अर्थ नाही. ३०० बिग ब्लाइंडची सावकाश रचना आणि टेबलावर चार-पाच हौशी, हे दुसरीकडे कुठे विकत मिळत नाही. त्याच्यासाठीच तर १०,००० भरता ना.

पातळ्यांचा तक्ता त्या वर्षीचा डाउनलोड करून घ्या. बारीकसारीक बदल होत असतात.

बदाम सत्ती

पूर्ण १०,००० खिशातून भरणारे हौशी थोडेच. बाकीचे सॅटेलाइटमधून येतात किंवा वाटे विकतात, म्हणजे एन्ट्रीतला काही भाग दुसऱ्याकडून घेऊन जिंकण्यात त्याला हिस्सा देतात.

सॅटेलाइट म्हणजे बक्षीस म्हणून रोख रकमेऐवजी जागाच. १,१०० डॉलरच्या मेगा सॅटेलाइटमध्ये साधारण दहा-अकरात एकाला जागा मिळते. २००३ चा विजेता ख्रिस मनीमेकर अशाच स्वस्त ऑनलाइन सॅटेलाइटमधून आला, ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला, आणि तीनच वर्षांत आकडा ८,७७३ वर पोचला.

सॅटेलाइटचा खेळ वेगळा असतो, आणि नेहमीचे चांगले खेळाडू तिथेच चुकतात. दहा जागा आहेत, अकरा जण उरलेत. तुमच्याकडे सरासरी स्टॅक आहे, दोघांकडे एक-दीड बिग ब्लाइंड आहे. मोठ्या स्टॅकवाला ऑल-इन गेला (सगळ्या चिप्स लावल्या) आणि तुमच्या हातात दोन एक्के आले. डाव सोडून द्या. हो, एक्के टाकून द्या. जिंकलात तर काही जास्त मिळत नाही, जागा एकच. आणि साधारण सहात एक वेळा हरून घरी जाल. ते दोघं एका फेरीत आपोआप गळणार आहेत. पहिल्या क्रमांकाला आणि दहाव्याला तीच चिठ्ठी मिळते, हे मनात पक्कं बसलं की सॅटेलाइट सोपे होतात.

वाटे विकताना : 'मार्कअप' १.१ म्हणजे १० टक्के वाट्यासाठी समोरच्याकडून १,००० ऐवजी १,१०० घेणं. बाद झालात तर मार्कअप परत द्यायचा की नाही, प्रवासखर्च कुणाचा, पुढे सॅटेलाइटनंच जागा मिळाली तर काय, हे सगळं आधी लिहून घ्या. मित्रांमध्ये 'तुझे ५ टक्के माझ्यात, माझे ५ तुझ्यात' अशी अदलाबदल चालते, तीही निदान व्हॉट्सॲपवर दोघांनी 'मान्य' लिहून ठेवा. टक्केवारी बाय-इनची (एन्ट्रीच्या रकमेची) की नफ्याची, यावरून दोस्ती तुटतात.

मांडवीकाठ

आधी सराव कुठे करायचा, याचं उत्तर आपल्याकडे एकच : पणजी. मांडवीतल्या बोटींवर पोकर रूम आहेत आणि वर्षातून काही वेळा मोठ्या मालिका होतात. वर्ल्ड पोकर टूरचा भारतातला पहिला मुक्काम २०१७ मध्ये त्यातल्या डेल्टिन रॉयल या बोटीवरच झाला. वय २१ पूर्ण हवं, मूळ ओळखपत्र हवं (मोबाइलमधला फोटो जेटीवरच परत पाठवतो), आणि फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना खेळायला मनाई आहे. म्हणजे बोट आमच्या नदीत आणि आम्ही काठावर. असो.

गोव्याच्या अनुभवावर वेगासचा अंदाज बांधताना एक फरक लक्षात ठेवा. इथे पातळ्या सहसा अर्ध्या-पाऊण तासाच्या असतात, संध्याकाळपर्यंत सगळ्यांकडे वीस-पंचवीस बिग ब्लाइंड उरतात, आणि मग ऑल-इन किंवा फोल्ड (पत्ते टाकून देणं). त्या सवयीनं मेन इव्हेंटला गेलेला माणूस पहिल्या दोन पातळ्यांत एका जोडीवर २०० बिग ब्लाइंड घालवून बसतो. इतक्या खोल स्टॅकला नुसत्या दोन एक्क्यांवर सगळं आत गेलं, तर समोरच्याकडे बहुतेक दोन जोड्या किंवा तीन सारखे पत्ते असतात.

आणि ऑनलाइन सराव-सॅटेलाइट विसरा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंदच केले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे.

एडिसनकर

इकडे अमेरिकेत असलेल्यांसाठी : न्यू जर्सी, नेवाडा, पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगन या चार राज्यांत परवानाधारक साइटवर ऑनलाइन सॅटेलाइट चालतात. खातं कुठेही उघडा, पण खेळताना तुम्ही प्रत्यक्ष त्या राज्याच्या हद्दीत असायला हवं. ते लोकेशनवरून तपासलं जातं. न्यूयॉर्कमध्ये राहणारे लोक नदी ओलांडून जर्सीच्या बाजूला एखाद्या कॅफेत बसून खेळतात. व्हीपीएन लावलात तर खातं गोठतं आणि जिंकलेली जागाही जाते.

किलवर राणी

आता नियमांकडे वळते, कारण नवख्यांचं घोडं तिथेच पेंड खातं. घरच्या डावात सगळं चालून जातं. वेगासला डीलर हात वर करतो, फ्लोअर पर्सन (नियमांचा पंच) येतो आणि निर्णय तुमच्या विरुद्ध जातो.

एक : तोंडानं बोललेलं बंधनकारक. वाढवायचं असेल तर चिप्सला हात लावायच्या आधी 'रेझ' म्हणा आणि आकडा सांगा. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर ती कॉल, म्हणजे समोरच्याइतकंच लावणं, धरतात. समोर ७०० ची बेट आहे, तुम्ही मुकाट ५,००० ची चिप सरकवली आणि मनात रेझ होता. झाला कॉल. ५०० च्या दोन टाकल्या तरी कॉलच, कारण त्यातली एक काढली तर उरलेले ५०० त्या ७०० ला पुरत नाहीत.

दोन : अर्धवट रेझ. ब्लाइंड २००/४००, कुणी १,००० केलं. वाढ ६०० ची, म्हणजे पुढचा रेझ किमान १,६००. तुम्ही एक १,००० ची आणि १०० च्या चार चिप्स सरकवल्या. १,४०० झाले, वाढ ४००. ती ६०० च्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणून तुम्हाला २०० घालून १,६०० पुरे करावेच लागतील. चारऐवजी दोनच टाकल्या असत्या, तर निम्म्याहून कमी म्हणून नुसता कॉल.

तीन : थोड्या चिप्स ठेवून पुन्हा स्टॅककडे हात नेणं म्हणजे स्ट्रिंग बेट. सिनेमात 'तुझे इतके... आणि वर इतके' म्हणतात ना, ते तिथे चालत नाही. पहिला भाग धरला जातो, बस.

चार : आपले पत्ते झाका. वर एक चिप किंवा जड नाणं ठेवा. कडेच्या खुर्च्यांवर, डीलरच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्यांचे उघडे पत्ते डीलर चुकून टाकलेल्यांत ओढतो, आणि ओढले की डाव मेला. त्याला भरपाई नाही.

पाच : डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी. शेजारी आपला मराठी माणूस निघाला तर आनंद आहे, पण डावात असताना 'काय रे, लागलं का?' म्हणालात की दोघांनाही ताकीद किंवा एक-दोन फेऱ्या बाहेर बसण्याची शिक्षा. गप्पा ब्रेकला मारा.

सहा : पहिले पत्ते वाटून पुरे होताना तुम्ही खुर्चीवर हवे, नाहीतर हात बाद आणि ब्लाइंड कापले जातात. हातात डाव असताना फोनला हात लावू नका. चार्ट किंवा सॉफ्टवेअर टेबलाजवळ उघडणं तर सरळ हकालपट्टीपर्यंत जाऊ शकतं.

सात : कुणी फार वेळ लावत असेल तर टेबलावरचा कोणीही 'क्लॉक' मागू शकतो. फ्लोअर येऊन ३० सेकंद मोजतो. तुमच्यावर मागितला तर चिडू नका, आणि तुम्ही मागताना खरोखर वेळ गेल्यावरच मागा.

आणि एक, नियम नव्हे पण : सगळ्यांनी पत्ते टाकल्यावर आपले दाखवायची गरज नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची. बारा तास एकाच टेबलावर असता, फुकट दाखवलेला प्रत्येक पत्ता कुणीतरी लक्षात ठेवतो.

जोकर बाद

राणीताई, दंडवत. बिग ब्लाइंड अँटी नीट समजली नाही. एकट्यानंच सगळ्यांची अँटी भरायची?

किलवर राणी

हो. पूर्वी प्रत्येक जण प्रत्येक डावाला अँटी टाकायचा, आणि कुणी टाकली-कुणी नाही यात दर डावाला वेळ जायचा. आता बिग ब्लाइंडवर बसलेला सगळ्यांच्या वतीनं टाकतो. फेरी फिरली की प्रत्येकावर पाळी येतेच.

परिणाम पाहा. १,०००/२,००० ब्लाइंड, २,००० अँटी. कुणी हात लावायच्या आत मधे ५,००० पडलेत. शेवटच्या जागेवरून ४,४०० करून ते चोरायचे असतील तर ४,४०० लावून ५,००० मिळवताय, म्हणजे साधारण ४७ टक्के वेळा सगळे पळाले तरी बरोबरी. उलट बिग ब्लाइंडवर तुम्ही असाल, तर मधे ९,४०० आणि तुम्हाला फक्त २,४०० घालायचेत. वीस टक्के हिस्सा जिंकता आला तरी पुरतं. म्हणून हल्ली बिग ब्लाइंड पूर्वीपेक्षा बराच जास्त राखला जातो.

आणि १२ बिग ब्लाइंडवर आलात, म्हणजे २४,०००, तर एकदा ते ५,००० उचलले की स्टॅक वीस टक्क्यांनी वाढतो. तेव्हा वाट बघत बसणं महाग. पहिल्या दिवशी संयम आणि इथे घाई : दोन्ही त्याच आकड्यांतून निघतं.

हिशेबनीस

एका चिपवरून आठवलं, कलर-अप. पातळ्या वाढल्या की १०० च्या चिप्स निरुपयोगी होतात, त्या ब्रेकमध्ये गोळा करून मोठ्या देतात. सुट्ट्या उरलेल्यांसाठी पत्ते वाटून 'चिप रेस' होते, मोठ्या पत्त्याला चिप. त्यात कुणी बाद होत नाही, शेवटची एक चिप असेल तर तिच्या बदल्यात मोठी मिळतेच. टेबलावरून दुसरीकडे हलवलं तर चिप्स रॅकमध्ये, सगळ्यांना दिसतील अशा न्यायच्या. खिशात एकही नाही, गमतीनंही नाही.

सदाशिवपेठी सीए

पैसे नेणं-आणणं यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. हा सर्वसाधारण आराखडा आहे, आपल्या कागदपत्रांसह आपल्या सीएला भेटा.

भारतातून निघताना : परकी नोटा एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंतच, बाकी फॉरेक्स कार्डावर. ते कार्ड कॅसिनोच्या काउंटरवर अनेकदा नाकारलं जातं, त्यावर भिस्त ठेवू नका. शिवाय फेमाच्या (परकी चलनाच्या कायद्याच्या) नियमांत लॉटरी, स्वीपस्टेक वगैरेंसाठी पैसे पाठवायला सरळ मनाई आहे. पोकरची एन्ट्री त्यात बसते का, हा प्रश्न बँक विचारणार, आणि 'पर्यटन' लिहून १०,००० डॉलर आयोजकांच्या खात्यावर पाठवणं हा ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार आहे. नंतर अंगाशी येतो. लेखी सल्ला आधी घ्या.

अमेरिकेत उतरताना १०,००० डॉलरहून जास्त रोख किंवा तत्सम असेल तर कस्टम्सला जाहीर करावं लागतं. नेण्यावर बंदी नाही, लपवण्यावर आहे. न सांगता सापडलं तर जप्ती.

जिंकलात तर : भारत-अमेरिका करारात जुगाराच्या जिंकण्याला सूट नाही. ब्रिटन, जर्मनी, जपानच्या रहिवाशांना आहे, आपल्याला नाही. काउंटरवरच ३० टक्के कापतात आणि १०४२-एस नावाचा फॉर्म देतात. तो सांभाळा. हरलेल्या स्पर्धांचा तोटा दाखवून ते परत मागता येत नाहीत.

इथे परतल्यावर रहिवासी भारतीयाला जगभरच्या उत्पन्नावर कर. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकण्यावर सरळ ३० टक्के, वर सेस आणि लागू असेल तर अधिभार, आणि विमानाचं तिकीट-हॉटेल काही वजा होत नाही. दिलासा इतकाच की तिथे कापलेल्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे वरचा फरकच भरायचा. त्यासाठी फॉर्म वेळेत भरावा लागतो (जुन्या कायद्यात तो ६७ क्रमांकाचा). तो राहिला की क्रेडिटवरून वाद सुरू. रोख घेऊन येत असाल तर ५,००० डॉलरहून जास्त नोटा विमानतळावर जाहीर करायच्या. वायरनं (बँकेतून बँकेत) मागवणं सगळ्यांत स्वच्छ.

वाटे विकले असतील तर आणखी एक गोची. कागदावर सगळं बक्षीस तुमच्या नावावर आणि कापलेला करही तुमच्याच नावावर. वाटेकऱ्याला हिस्सा कर कापण्याआधीच्या रकमेतून की नंतरच्या, हे सत्तीताईंनी सांगितलेल्या लेखी करारात घाला.

बदाम सत्ती

सत्तीदादा म्हणा, ताई नव्हे. बाकी सहमत.

सदाशिवपेठी सीए

क्षमस्व. नावात लिंगभेद कळत नाही.

एडिसनकर

अमेरिकेत कर भरणाऱ्यांना डब्ल्यू-२जी हा जिंकलेल्या रकमेचा फॉर्म मिळतो. वाटेकरी असतील तर ५७५४ क्रमांकाचा फॉर्म भरून प्रत्येकाच्या नावे विभागणी करता येते, तो काउंटरवरच मागा. आणि २०२५ च्या कायद्यानुसार २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजावट. वर्षभरात १५,००० जिंकलात आणि १५,००० हरलात, तरी वजावट १३,५०० ची, म्हणजे हाती काही नसताना १,५०० वर कर. हे बदलायचे प्रयत्न चालू आहेत, विवरण भरताना ताजी स्थिती पाहा.

जोकर बाद

नुसतं बघायला गेलं तर? घरचे सोबत असतील, त्यांना काय करता येईल?

मांडवीकाठ

बघायला तिकीट नाही. दोरीच्या बाहेर उभं राहायचं, त्यालाच 'रेल' म्हणतात. सुरुवातीच्या दिवसांत शेकडो टेबलं असतात, आपला माणूस भिंतीकडच्या टेबलावर असेल तरच दिसेल. मजा असते ती बबलला. म्हणजे आणखी एक जण बाद झाला की उरलेले सगळे बक्षिसात. तेव्हा 'हँड फॉर हँड' चालतं : सगळ्या टेबलांवर एक-एक डाव वाटतात, ज्यांचा संपला ते थांबतात, आणि कुठे ऑल-इन-कॉल झाला की पत्ते लगेच न उघडता कॅमेरा आणि फ्लोअर तिथे येईपर्यंत सगळं थांबवतात. शेकडो लोक खुर्चीवरून उठून माना उंचावून बघतात.

भारतीय झेंडे अधूनमधून दिसतात. २०१८ मध्ये निकिता लुथरनं जोडीच्या स्पर्धेत ब्रेसलेट (मालिकेतली स्पर्धा जिंकल्यावर मिळणारं कडं) मिळवलं, ते भारतीय महिलेचं पहिलं. २०२४ मध्ये संतोष सुवर्णानं अडीच लाख डॉलर एन्ट्रीची स्पर्धा जिंकून ५४ लाखांवर डॉलर नेले.

घरच्यांना स्वतः बसायचं असेल तर १०,००० कशाला? १,००० डॉलरच्या आसपास बऱ्याच स्पर्धा आहेत, पन्नाशी ओलांडलेल्यांची सीनिअर्स आहे, महिलांची वेगळी आहे. बाहेर इतर कॅसिनोंच्या उन्हाळी मालिका याहून स्वस्त.

किलवर राणी

सामानाचं राहिलं. बाहेर ४० च्या वर, आत हॉल थंडगार. जाड हुडी किंवा शाल हवीच, दहा तास त्या एसीखाली आखडून बसलं की शेवटच्या पातळीत हात थरथरतात आणि लोक त्याचा अर्थ वेगळा काढतात. रिकामी बाटली, शेंगदाणे-राजगिऱ्याची वडी असं न चुरणारं काही. चिकट बोटांनी पत्ते धरू नका. मोठी सॅक नको, खुर्च्या इतक्या जवळ की ठेवायला जागा नसते.

ब्रेक २० मिनिटांचा. हजारो लोक एकाच क्षणी उठतात. शेवटच्या दोन मिनिटांत पत्ते टाकले असतील तर आधीच उठा. जेवणाच्या सुट्टीतही तेच, बसून मागवण्याच्या जागी वेळ पुरत नाही. शाकाहारींनी सकाळीच डबा भरून खोलीत ठेवलेला बरा. खोली त्याच इमारतींत घेतली तर महाग, पण चालत पाच-दहा मिनिटं. खोलीच्या दरावर रोजची रिसॉर्ट फी वेगळी लागते, बुकिंगच्या पहिल्या आकड्यावर जाऊ नका.

दिवसाचा शेवट मध्यरात्र उलटून होतो, आणि सगळ्यांत थकलेल्या त्या वेळी सगळ्यांत जपून करायचं काम येतं : पिशवी. प्रत्येकाला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी मिळते. आधी चिप्स किमतीनुसार वेगळ्या करा, वीस-वीसच्या उंच चवडी रचा. हजाराच्या वीस चिप्सची एक चवड म्हणजे २०,०००, चवडी मोजल्या की झालं. एकूण आकडा आधी कच्च्या कागदावर लिहा, मग दुसऱ्यांदा मोजा, मग पिशवीच्या पट्टीवर. डीलरला मोजून दाखवा. चिकटपट्टी ओढून सील करा, वर सही. पिशवीला जोडलेली पावती फाडून घ्या आणि तिचा फोटो काढा, पिशवीचा क्रमांक दिसेल असा. लोक ५० ची गल्लत करत नाहीत, शून्याची करतात. १,४२,५०० चे १४,२५० लिहिले की वेबसाइटच्या यादीत तुम्ही तळाला दिसता. सकाळी पिशवी फोडल्यावर चिप्स आहेत तेवढ्याच असतात, पण रात्रभर वाटेकऱ्यांचे फोन येत राहतात.

दुसऱ्या दिवसाचं टेबल नवं असतं. रात्रीच यादीत बघून झोपा, शेजारी कोण आणि कुणाचा स्टॅक केवढा ते आधी कळतं.

जोकर बाद

शेवटचा बाळबोध प्रश्न. नोंदणीला नेमकं काय न्यायचं? आणि पिशवीवर नाव कसं लिहायचं, आमचं आडनाव लांबलचक आहे.

हिशेबनीस

पासपोर्ट मूळ, वय २१ पूर्ण. कॅसिनोचं रिवॉर्ड्स कार्ड तिथे फुकट करून मिळतं, तेही लागतं. हल्ली नोंदणी त्यांच्या ॲपवरून होते, घरूनच खातं उघडून ठेवा. ओळख मात्र पहिल्यांदा तिथल्या खिडकीवर प्रत्यक्ष पटवावी लागते, मग मशीनवर चिठ्ठी छापून मिळते. ओळख पटवण्याचं काम खेळाच्या दिवशी सकाळी नव्हे, आदल्या दिवशी उरका. पैसे वायरनं पाठवलेत तर चार-पाच कामाचे दिवस धरा, ४ जुलैची सुट्टी मधे येते.

नावाचं म्हणाल तर आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. पासपोर्टात 'गिव्हन नेम' मध्ये आपलं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव एकत्र असतं. ॲपवर कुणी नुसतं स्वतःचं नाव टाकतं, रिवॉर्ड्स कार्डावर तिसरंच काही छापतं, आणि खिडकीवर तिन्ही जुळत नाहीत म्हणून रांगेतून बाहेर काढतात. तिन्ही ठिकाणी पासपोर्टातल्यासारखं, वडिलांच्या नावासकट, अक्षर न् अक्षर तेच ठेवा. पिशवीवरही तेच, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. चौकोन संपले तर आडनाव पुरं लिहा आणि वडिलांचं नाव आद्याक्षरावर आणा.

जोकर बाद

बरं झालं विचारलं. कार्डावर आडनावच आधी छापून आलंय.

हिशेबनीस

बदलून घ्या. कार्ड देतात त्याच काउंटरवर, पासपोर्ट दाखवून.